वाऱ्याला आडवी ओळ

६ मार्च

मेट्रनबाईंनी आज चादरींचं अख्खं गाठोडं परत पाठवलं. शिपायाच्या तोंडी निरोप होता की पेशंटांच्या पाठी सोलवटतात, इस्पितळाला चादरी हव्यात, पॉलिश पेपर नको. सांगताना शिपाई हसला. जावई हसले नाहीत. त्यांनी एक चादर उलगडून अंगणात झटकली, खाली पडलेली वाळू झाडूनं गोळा केली आणि भिंतीपलीकडे टाकून आले. मी मनात म्हटलं, टाका बापू, संध्याकाळी ती पाहुणी परत येणारच आहे.

आमचं गाव माळाच्या तोंडाशी आणि आमचं घर गावाच्या तोंडाशी. भिंतीपलीकडे नुसती वाळू, आणि ती वर्षातले बहुतेक दिवस वाऱ्यावर बसून गावात येते. म्हणून इथली सगळी दारं उलट्या बाजूला आहेत. माणसं मोजकं बोलतात, कारण तोंड उघडलं की दाताखाली कचकच. मी इथे लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं सासरची माणसं घुमी आहेत. नंतर कळलं, सगळं गावच असं आहे. भांडणसुद्धा मानेनं करतात.

तरी ह्यांनी हे शेवटचं घर घेतलं ते विहिरीसाठी. अंगणातच विहीर, पाणी गोड, वाकून बादली बुडवावी इतकं वर. हे गेल्यावर लेक आणि जावई त्याच पाण्याच्या भरवशावर इथे आले आणि अंगणात लाँड्री काढली. धुणं उत्तम होतं. वाळत घातलं की वाळू बसते.

जेवताना लेकीनं हळूच सांगितलं की जावयांचा भाऊ शहरात बोलावतोय, त्याची लाँड्री मोठी आहे. चिंगीच्या शाळेचाही प्रश्न आहेच. जावई म्हणाले, वर्ष-दोन वर्षं बघू. नात मांडीवर बसून माझ्या ताटातलं खात होती. मी हातातला घासही तिलाच भरवला.

९ मार्च

सबंध जन्म मी सरकारी बागेच्या रोपवाटिकेत काढला. लोकांच्या कुंड्या सजवल्या आणि स्वतःच्या घराला वाऱ्यापुढे उघडं ठेवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आज जुन्या साहेबांना भेटून आले. त्यांच्याकडे एका जातीची रोपं आहेत, वाळूत येतात, उन्हाला भीत नाहीत, आणि हा हा म्हणता वाढतात. नाव इतकं लांबलचक की मला उच्चारता येईना. साहेब म्हणाले, नावाचं काय करायचंय, वारा अडल्याशी कारण.

वारा अडला तर वाळू अडेल, वाळू अडली तर मेट्रनबाई गप्प बसतील, आणि मेट्रनबाई गप्प बसल्या तर माझी माणसं कुठे जात नाहीत. इतकं सरळ आहे.

१५ मार्च

भिंतीपलीकडे वाऱ्याला आडव्या दोन ओळी लावल्या आणि तिसरी अलीकडे, विहिरीच्या कडेनं. जावयांनी विचारलं, इतकी जवळ कशाला? मी म्हटलं, पाणी घालायला कोण लांब जाणार, तुम्ही? ते बिचारे मुकाट खड्डे खणायला लागले. शेवटच्या खळबळीचं पाणी, ज्यात साबण नसतो, ते रोपांना घालायचं असं ठरलं.

लेक म्हणाली, एवढ्याशा काड्यांनी काय होणार आहे? मी म्हटलं, तूही एवढीशीच होतीस.

२० ऑक्टोबर. झाडं सात महिन्यांची

चिंगी त्यांना ‘आजीचे धाकटे’ म्हणते. आता घरात सगळेच म्हणतात. धाकटे माझ्या खांद्याला लागले. सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहून माझी कंबर गेली, पण एकही रोप मेलं नाही. चादरी अजून परत येतात. जावई त्या पुन्हा धुतात आणि काही बोलत नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा मला राग येतो. माणसानं एकदा तरी ओरडावं.

११ एप्रिल. झाडं दोन वर्षांची

आज चमत्कार झाला. वाऱ्याचा जोराचा दिवस होता, पत्रे वाजत होते, आणि दोरीवरच्या चादरी नुसत्या डुलत होत्या. लेकीनं एक चादर काढून गालावरून फिरवली. मग माझ्या गालावरून फिरवली. एक कण नाही. मला रडू आलं. ती म्हणाली, आई, चादर ओली करू नकोस, पुन्हा धुवावी लागेल.

मेट्रनबाईंनी इस्पितळाचे पडदेही आमच्याकडे दिले. जावयांनी भावाला फोन करून सांगितलं की सध्या तरी येत नाही. ‘सध्या तरी’ हे शब्द मी ऐकले, पण आज त्यांच्याकडे दुर्लक्ष करते.

आणखी एक गोष्ट. धाकट्यांना आता पाणी घालावं लागत नाही. मीच चार दिवस विसरले, तरी त्यांना काही फरक पडला नाही, उलट जास्तच तरारले. शहाणी पोरं. स्वतःचं स्वतः बघतात.

२ सप्टेंबर. झाडं अडीच वर्षांची

गल्लीतल्या सगळ्यांनी रोपं नेली. मागच्या गल्लीनंही नेली. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी भिंत उभी राहते आहे आणि तिची सुरुवात माझ्या घरापासून आहे, हे लिहिताना थोडा गर्व होतो आहे, होऊ दे.

आमच्या टोकाला वारा थांबल्यापासून माणसं बदलली. खिडक्या उघडल्या. लोक दारात उभे राहून लांब लांब वाक्यं बोलायला लागले. शेजारच्या लिंबाच्या काकू (त्यांच्या दारात लिंबाचं जुनं झाड आहे म्हणून हे नाव) काल त्यांच्या सुनेशी चांगल्या तासभर भांडल्या, शब्दन् शब्द ऐकू आला. पूर्वी एवढं भांडायचं तर महिना लागला असता. मुलं मोठ्यानं गाणी म्हणतात. चिंगी तर झोपेतही बोलते.

२७ मे. झाडं सव्वातीन वर्षांची

लिंबाच्या काकूंचं लिंबू वाळलं. मुळापासूनच गेलं, फांदी मोडली तर आत नुसता कोळसा. काकू म्हणाल्या, सासूबाईंच्या हातचं होतं हो. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर काकूंनी झाडाकडे कधी बघितलं नाही, नुसती लिंबं तोडली. झाडाला माया लागते. माझे धाकटे बघा म्हटलं, त्याच मातीत उभे आहेत. काकू घरात निघून गेल्या.

दरवर्षी उतरणारा मेंढपाळ यंदा मेंढरं घेऊन आला नाही. एकटाच आला, तेही निरोप सांगायला, की ओढ्याकाठचं गवत उगवलंच नाही, मेंढरं घेऊन तो डोंगरापलीकडे जातोय. त्याचा आजाही इथेच चारायचा. मी विचारलं, परत कधी? त्यानं जुन्या सवयीनं नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

बादली विहिरीत आता दोरानं सोडावी लागते. जावयांनी पंपाला पाइपचा एक तुकडा वाढवला.

१९ नोव्हेंबर. झाडं पावणेचार वर्षांची

पाऊस होऊन गेला तरी विहीर वर आली नाही. मी जावयांना म्हटलं, पाऊसच कमी झाला, दुसरं काय. ते म्हणाले, पाऊस नेहमीइतकाच होता. मी म्हटलं, पडला असेल नेहमीइतका, पण मुरला नसेल. ते उठून पंपापाशी गेले. त्यांचं हे असंच. पाइप पुन्हा वाढवला.

मला वाटतं ते पाणी वाया घालवतात. तीन तीन वेळा खळबळतात. माझ्या आईनं सगळा संसार एका बादलीत धुतला.

८ फेब्रुवारी. झाडं चार वर्षांची होतील

आज मी जावयांना बोलले, आणि नको तितकं बोलले. पंप नुसता हवा ओढत होता, घरघर घरघर, आणि हे आपले तिसऱ्या खळबळीसाठी तास तासभर पाणी साठण्याची वाट बघत बसलेले. मी म्हटलं, दोनदा खळबळून भागवा, विहीर काही तुमच्या वडिलांनी भरून ठेवलेली नाही. असं बोलायला नको होतं. त्यांचे वडील जाऊन वर्ष झालेलं नाही. त्यांनी पंप बंद केला, हात पुसले आणि ‘बरं’ म्हणाले.

लेक रात्री जेवली नाही. माझ्याशी बोलतही नाही.

३ मार्च

दोनदा खळबळलेल्या चादरींत साबण राहिला. पेशंटांच्या अंगाला खाज सुटली. मेट्रनबाई स्वतः आल्या, भल्या बाई आहेत, चहाही घेतला. म्हणाल्या, वाळू होती ते बरं होतं की काय असं वाटायला लागलंय. मला ते लागलं. एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर बाईंनी एका वाक्यात पाणी ओतलं, आणि तेही पाणी नसताना.

त्या गेल्यावर मी धाकट्यांपाशी जाऊन उभी राहिले. ही जात सोडली तर गावात कुठे हिरवं पान नाही, चौकातला जुना वडसुद्धा अर्धा वाळला, आणि हे मात्र हिरवेगार. कुठून पाणी मिळवतात देव जाणे. माणसांनी त्यांच्याकडून शिकावं. कुणाजवळ काही मागत नाहीत, तक्रार करत नाहीत.

१० मार्च

विहीर तळाला गेली. गाळ काढला तर झरे मोकळे होतील म्हणून जावई कमरेला दोर बांधून खाली उतरले. वर लेक आणि मी बादल्या ओढत होतो. पहिल्या बादलीत गाळ थोडाच होता. बाकी सगळी मुळं. तांबूस, ओली, बारीक, न विंचरलेल्या केसांसारखा गुंता. दुसऱ्या बादलीत तेच, तिसऱ्या बादलीतही तेच. जावयांचा आवाज खालून आला की सगळा तळ ह्यानंच भरलाय.

मला भडभडून आलं. बिचारी पोरं. तहान लागली म्हणून केवढ्या खोल गेली, तरी आईजवळ मागितलं नाही. मी त्यांचं पाणी बंद केलं होतं ना, त्यांना लागत नाही असं समजून. लेकीनं एक जुडगा हातात धरला. किती वेळ तिनं तो खाली ठेवला नाही. तिनं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, काय गं? काही नाही म्हणाली.

दुपारी दोघं विहिरीच्या काठावर बसून हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. मी चहा घेऊन गेले तर एकदम साबणाच्या भावाबद्दल बोलायला लागली. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय माझ्या लेकीला लहानपणापासून आहे.

संध्याकाळी सार्वजनिक टाकीवरून आणलेल्या पाण्यातले दोन डबे मी धाकट्यांना घातले.

१४ मार्च

आज लेक बोलली. दोरीवरचे कपडे काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, विहिरीजवळची ओळ काढून बघू या का?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “काढून म्हणजे?”

“तोडून. फक्त ती एक ओळ. आणि काही फरक पडला तर मग बाकीच्यांचं बघू.”

“आणि वाळू आली तर?”

“वाळू झटकता येते गं.”

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ज्यांनी तुमचा धंदा वाचवला त्यांच्यावर कुऱ्हाड चालवणार, असं म्हटलं. गरज सरो वैद्य मरो, असं म्हटलं. आधी माझ्या कंबरेत घाव घाला, असंही म्हटलं, आणि ते म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं. जावई आतून बाहेर आले होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. त्यांनी लेकीच्या हातातला कपड्यांचा ढीग घेतला आणि तिला म्हणाले, “राहू दे. त्यांच्याच हातची आहेत ती.”

लेक माझ्याजवळ आली. मी तोंड फिरवलं. तिनं माझ्या पदराला लागलेली वाळलेली पानं एक एक करून काढली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं, मी जिंकले.

२ मे

इस्पितळानं काम काढून घेतलं. जावयांनी भावाला फोन केला. या वेळी ‘सध्या तरी’ नव्हतं.

२१ मे

आज तिघं गेली. यंत्रं आधीच टेंपोत गेली होती, अंगणात त्यांच्या पायांचे चौकोनी डाग राहिले आहेत. मला चला म्हणून दोघांनीही खूप सांगितलं. भावाच्या घरात त्यांनाच एक खोली, त्यात मी कुठे? आणि धाकट्यांना कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ? जावयांनी वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, त्या दिवशी तुमच्या वडिलांचं नाव काढलं ते विसरा. ते म्हणाले, कधीच विसरलो. खोटं बोलतात, पण चांगलं खोटं बोलतात. इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखलंच नाही.

चिंगीला अजून कळत नव्हतं. ती टेंपोवाल्याला आमच्या घरातली एकेक खोली दाखवत होती.

लेकीनं मला घट्ट धरलं आणि कानाशी म्हणाली, “आई, झाडांमुळे नाही हं. तू तसं कधी मनात आणू नकोस.”

झाडांमुळे आहे असं कोण म्हणालं? मी दिवसभर त्याच्यावर विचार करते आहे. जाताना माणसाला काय बोलावं सुचत नाही, म्हणून काहीतरी बोलली असेल.

३० जुलै. झाडं सव्वाचार वर्षांची

लिंबाच्या काकू सुनेसकट गेल्या. मागची गल्ली निम्मी रिकामी आहे. खिडक्या उघड्याच टाकून गेलेत लोक, वारा नाही तर बंद कशाला करायच्या. टाकीवर पूर्वी रांग असायची, आता मी एकटीच डबा लावते आणि तो भरायला सकाळ जाते.

रोज काहीतरी करायला उठते आणि करायला काही नसतं. दोरी अजून बांधलेली आहे, तिच्यावर माझं एक लुगडं वाळतं. कण बसत नाही त्याच्यावर. कुणाला दाखवू? मला कधी कधी वाटतं, या गावात माणसानं राहावं अशी या जमिनीची इच्छाच नव्हती. आम्ही तोंड मिटून, दारं उलटी लावून, तिच्या नजरेआड राहत होतो तोवर तिनं चालवून घेतलं. मग हसू येतं. जमिनीला कसली इच्छा? आपण लवकर जागे झालो नाही, एवढंच. दहा वर्षं आधी झाडं लावली असती तर गाव राहिलं असतं.

फोनवर चिंगी लांब लांब वाक्यं बोलते. तिकडच्या घरात नळाला चोवीस तास पाणी आहे. तिनं मला विचारलं, आजी, तू कधी येणार? मी म्हटलं, धाकटे मोठे झाले की.

१२ ऑगस्ट

आज कितीतरी दिवसांनी दार वाजलं. माळाच्या पलीकडच्या गावचे एक गृहस्थ, पिठाची गिरणी आहे त्यांची. आमच्याकडे वारा अडवला हे त्यांच्या कानावर गेलं होतं. तोंड मिटून, तुटक तुटक बोलत होते, आमची माणसं पूर्वी बोलायची तसे. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. दळणात वाळू जाते, गिऱ्हाईक तुटतंय, आणि एकुलता एक मुलगा बायको-मुलांना घेऊन शहरात जायचं म्हणतोय.  मी त्यांना बसवलं, डब्यातलं शेवटचं अर्धं भांडं पाणी दिलं.

मग त्यांना धाकट्यांमधून फिरवलं. ते मान वर करून बघत राहिले. एका झाडाच्या बुंध्यावर त्यांनी हात ठेवला आणि डोळे मिटून नुसते उभे राहिले. वारा ऐकत होते. वर शेंड्यात होता, खाली नव्हता. माझ्या वाफ्यात बीजापासून आलेली जेवढी रोपं होती तेवढी सगळी मी त्यांना बांधून दिली. पैशांचं नाव काढू दिलं नाही. कशी लावायची, किती अंतरावर, पहिली दोन वर्षं पाणी कसं घालायचं, सगळं नीट समजावलं. पुढे ती आपली आपण बघतात, हेही सांगितलं. एक ओळ विहिरीच्या कडेनं लावा म्हटलं, म्हणजे म्हातारपणी लांब चालायला नको.

निघताना त्यांनी घराकडे बघून विचारलं, “तुमची माणसं?”

“लेक होती. राहिली असती. विहीर आटली, म्हणून गेली.”

“अरेरे,” ते म्हणाले. “आमच्याकडे तेवढी एक काळजी नाही. विहिरी काठोकाठ आहेत.”

मला त्यांच्यासाठी फार आनंद झाला. मग झालं तर, मी म्हटलं, तुमचा मुलगा कुठे जात नाही.